गेर झाली की सर्व्हर मंदावतो: डिस्क किती भरू द्यायची?

तक्रार अशी आहे. इंदूरच्या एका फोटो-व्हिडिओ स्टुडिओत ४ टीबीच्या हार्ड डिस्कवर लिनक्सचा फाइल सर्व्हर चालतो. फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडायची पद्धत, एक्स्ट४. एडिटिंगचे विंडोज पीसी सांबातून (लिनक्सचे फोल्डर विंडोजला दाखवणाऱ्या प्रोग्रॅममधून) त्या डिस्कवरच काम करतात. एरवी सगळं सुरळीत असतं, पण वर्षातून दोनदा, रंगपंचमीची गेर (रंगांची मिरवणूक) झाल्यावर आणि अनंत चतुर्दशीच्या झांक्या (सजवलेल्या देखाव्यांची मिरवणूक) झाल्यावर, टाइमलाइन अडखळायला लागते, फोल्डर उघडायला वेळ लागतो, रेंडर रात्रभर रेंगाळतो. डिस्क बघावी तर ९६-९७ टक्के भरलेली. मग जुन्या लग्नांचे फोल्डर उडवायचे, डिस्क ८८ वर आणायची, आणि तरी वेग काही परत येत नाही. मालक विचारतात, "अरे, तीनशे जीबी मोकळे केले ना? बारा टक्के रिकामी आहे. आता कशाला अडकतोय?"

प्रश्न रास्त आहे. डिस्क ९७ टक्क्यांवर असताना गेरचं जे फुटेज तिच्यावर उतरलं, ते शेकडो-हजारो तुकड्यांत उतरलं. नंतर दुसऱ्या फाइली उडवून टक्का खाली आला, पण हे तुकडे होते तिथेच राहिले. आणि एडिटर आता काम करतोय तो नेमका याच फुटेजवर. दरवर्षी जागा मोकळी केली जाते, आधीच विस्कटलेल्या फाइलींकडे मात्र कुणी बघत नाही, म्हणून हा प्रकार दरवर्षी पुन्हा होतो.

आधी डिस्क आजारी नाही ना, ते बघा

भरलेली डिस्क आणि खराब होत चाललेली डिस्क वरवर सारखीच वागतात. एखादा सेक्टर (डिस्कवरचा छोटा कप्पा) वाचता येत नसेल तर हार्ड डिस्क तो पुन्हा पुन्हा वाचू पाहते आणि तेवढा वेळ सगळे खोळंबतात. म्हणून पहिलं काम स्मार्टसीटीएल, डिस्कची तब्येत सांगणारी कमांड. रीअलोकेटेड (बदली दिलेले) आणि पेंडिंग (वाचता न आलेले) सेक्टरचे आकडे पाहा. पेंडिंग शून्यापेक्षा जास्त असेल तर खालचं काहीच करू नका. आधी बॅकअप घ्या, मग सिल्व्हर मॉल (इंदूरचा कॉम्प्युटर बाजार) गाठून नवी डिस्क आणा. अशा डिस्कवर डीफ्रॅग (फाइलींचे तुकडे एकत्र आणणं) चालवणं म्हणजे तिच्याकडून मरताना जास्त काम करून घेणं.

डिस्क धड असेल तर आयओस्टॅट -एक्स (डिस्क किती व्यस्त आहे ते दाखवणारी कमांड) लावून पाच-दहा मिनिटं बघत बसा. डिस्क शंभर टक्क्यांच्या आसपास व्यस्त, पण सेकंदाला जेमतेम १०-२० एमबी जातायत, असं दिसलं तर डिस्कचं हेड (तिच्यावरून फिरणारं, वाचणारं टोक) वाचण्यापेक्षा पळण्यातच वेळ घालवतंय. डिस्क निवांत आहे आणि तरी एडिटर तक्रार करतोय, तर नेटवर्ककडे वळा. एखादी केबल किंवा स्विचचा पोर्ट गिगाबिटवरून १०० मेगाबिटवर उतरला की अगदी असंच वाटतं.

मग डीएफ, डिस्क किती भरली ते सांगणारी कमांड. इथे एक गोष्ट फार लोकांना माहीत नसते. एक्स्ट४ फाइल सिस्टिम बनवताना ५ टक्के ब्लॉक रूटसाठी (सर्व्हरच्या मुख्य खात्यासाठी) राखून ठेवले जातात. डीएफचा टक्का ही राखीव जागा वगळून काढलेला असतो. म्हणजे डीएफ ९५ दाखवत असेल तेव्हा डिस्क प्रत्यक्षात साधारण ९० टक्के भरलेली असते, आणि डीएफ १०० दाखवतो तेव्हाही ५ टक्के शिल्लक असतात, फक्त आपल्याला वापरता येत नाहीत. ४ टीबीवर ही जागा २०० जीबी होते. ट्यून-टू-एफएस -एम १ करून ती सोडवता येते, आणि "दीडशे जीबी फुकट मिळाले" म्हणून लोक ते आनंदाने करतात. रोज लिहिल्या जाणाऱ्या डिस्कवर हे करू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. ती जागा तुकडे कमी व्हावेत यासाठीही राखलेली असते. डिस्क नुसती साठवणीची असेल, एकदा भरून ठेवून द्यायची असेल, तर खुशाल १ टक्का करा.

आयनोड (प्रत्येक फाइलीमागे लागणारी नोंद) संपलेत का, तेही डीएफ -आय ने एकदा बघून घ्या. ४ टीबीच्या डिस्कवर नेहमीच्या सेटिंगने दर १६ केबीमागे एक, म्हणजे २४ कोटींच्या वर आयनोड मिळतात. स्टुडिओत ते संपत नाहीत. छोट्या क्लाउड सर्व्हरवर, लाखो बारीक फाइली साठल्या की संपतात.

फोल्डर उडवूनही डीएफचा आकडा हलला नाही, तर दोन संशयित. एक, फाइल उडवली पण एखाद्या प्रोग्रॅमने ती अजून उघडी धरली आहे. एलएसओएफ +एल१ अशा फाइली दाखवतो. तो प्रोग्रॅम बंद केला की जागा सुटते. दोन, सांबाचं रीसायकल मॉड्यूल. ते चालू असेल तर विंडोजवरून उडवलेली प्रत्येक फाइल शेअरमधल्याच लपलेल्या डॉट-रीसायकल फोल्डरमध्ये जाऊन बसते. स्टुडिओंमध्ये हा दुसरा प्रकार मला जास्त भेटलाय. चुकून उडालेलं लग्न परत मिळावं म्हणून कुणीतरी ते चालू केलेलं असतं, आणि रिकामं करायची जबाबदारी कुणाकडेच नसते.

तुकडे मोजा

आता मुद्द्याची तपासणी. ई-टू-फ्री-फ्रॅग हा प्रोग्रॅम एक्स्ट४च्या मोकळ्या जागेचा हिशोब देतो: ती किती सलग पट्ट्यांत आहे, सगळ्यात मोठी पट्टी केवढी, किती टक्के जागा कुठल्या आकाराच्या पट्ट्यांत अडकली आहे. तो काही लिहीत नाही, त्यामुळे चालू डिस्कवरही चालवता येतो. दोन डिस्क सारख्याच ८८ टक्के भरलेल्या असू शकतात. एकीत मोकळी जागा गिगाबाइट-गिगाबाइटच्या पट्ट्यांत असते, दुसरीत तीच जागा १ एमबीहून बारीक भोकांत विखुरलेली. डीएफला दोन्ही सारख्या, एडिटरला मात्र जमीन-अस्मानाचा फरक.

मग अडखळणारी एक क्लिप घ्या आणि तिच्यावर फाइलफ्रॅग (फाइलीचे तुकडे मोजणारी कमांड) चालवा. एक्स्ट४मधला एक एक्स्टेंट (सलग तुकडा) जास्तीत जास्त १२८ एमबीचा असतो, त्यामुळे १० जीबीच्या क्लिपचे ऐंशी-शंभर तुकडे दिसले तर काळजी नको, ते स्वाभाविक आहे. हजारांत आकडा गेला की दुखणं सापडलं.

वेग नेमका कुठे जातो

लग्नाची पंगत जवळजवळ भरलेली असताना एखादं आठ जणांचं कुटुंब आलं, तर सलग आठ पाट कुठून मिळणार? एक इथे, दोन तिथे असे बसतात. वाढप्याला त्या एका कुटुंबाला वाढायला सगळा मांडव फिरावा लागतो. उशिरा आलेल्या फाइलीचं हेच होतं.

हे आकड्यांत मांडू. ७२०० आरपीएमच्या डिस्कची एक फेरी ८.३ मिलिसेकंदांची. योग्य ट्रॅकवर पोचायला सरासरी ८-९ मिलिसेकंद, आणि हवा तो सेक्टर खाली यायला सरासरी अर्धी फेरी. म्हणजे प्रत्येक नव्या तुकड्यामागे साधारण साडेबारा मिलिसेकंद नुसते प्रवासात. डिस्क सलग वाचताना सेकंदाला १५० एमबी देते असं धरा. क्लिप २ एमबीच्या तुकड्यांत असेल तर एक तुकडा वाचायला १३ मिलिसेकंद, पुढच्यावर जायला साडेबारा. वेग ७८ एमबीवर येतो. तुकडे २०० केबीचे झाले की वाचायला जेमतेम १.३ मिलिसेकंद आणि प्रवासाला तेच साडेबारा. वेग सेकंदाला साडेचौदा एमबी. १०० मेगाबिटच्या ४के फुटेजची एकच क्लिप चालवायला साडेबारा एमबी लागतात. टाइमलाइनवर तीन कॅमेऱ्यांचे थर असतील, आणि शेजारच्या पीसीवर दुसरा एडिटर त्याच डिस्कवर असेल, तर अडखळण्यावाचून गत्यंतर नाही.

यात आणखी एक भर पडते. हार्ड डिस्कच्या बाहेरच्या ट्रॅकवर जास्त सेक्टर बसतात आणि फिरण्याचा वेग तोच असतो, त्यामुळे आतल्या ट्रॅकवर सलग वाचतानाही वेग साधारण निम्म्यावर येतो. आणि गेरच्या दिवशी तीन-चार कार्ड एकाच वेळी कॉपीला लावली, की चार फाइली एकाच उरल्यासुरल्या जागेसाठी भांडतात. एक्स्ट४ डेटा थोडा वेळ मेमरीत धरून एकदम जागा शोधतो, त्यामुळे मोकळ्या डिस्कवर तो हे छान सांभाळून घेतो. पण सलग पट्टी शिल्लकच नसेल तर तो तरी काय करणार?

ही गोष्ट नवी नाही. बर्कली युनिक्सच्या फास्ट फाइल सिस्टिमवरच्या १९८४च्या शोधनिबंधातच लिहिलंय की मोकळे ब्लॉक शून्यावर गेले की वेग जवळजवळ निम्मा होतो, कारण फाइलीचे ब्लॉक जवळजवळ ठेवता येत नाहीत. म्हणून त्यांनी १० टक्के जागा राखली होती. फ्रीबीएसडीत आज ती ८ टक्के आहे, एक्स्ट४ने ५ वर आणली. डिस्क हजारो पटींनी मोठ्या झाल्या, तरी हेडला जागेवर पोचायला लागणारा वेळ त्या मानाने फारच थोडा घटला.

दुरुस्ती

सगळ्यात आधी, काय उडवायचं ते नीट निवडा. बारीक प्रीव्ह्यू, कॅश, प्रॉक्सी (एडिटिंगसाठीच्या हलक्या प्रती) उडवले तर टक्का खाली येतो पण मिळतात ती भोकंच. डिस्क रिकामी असताना लिहिलेले मोठे, जुने प्रोजेक्ट हलवले तर सलग पट्ट्या मिळतात. तेव्हा पूर्ण झालेली, पैसे आलेली लग्नं अख्खीच्या अख्खी वेगळ्या डिस्कवर न्या, चेकसम (फाइलीच्या मजकुरावरून काढलेला आकडा) जुळवा, आणि मगच मूळ उडवा. एकाच डिस्कवर असलेली प्रत म्हणजे बॅकअप नव्हे, त्यामुळे ग्राहकाला हार्ड डिस्क दिली असेल तरी आपली दुसरी प्रत कुठे आहे ते आधी बघा.

डिस्क ७५ टक्क्यांच्या खाली आली की दुसरी पायरी, जी बहुतेक ठिकाणी राहून जाते: विस्कटलेल्या फाइली पुन्हा लिहून काढणं. फाइलफ्रॅगने ज्या चालू क्लिप हजारो तुकड्यांच्या निघाल्या, त्यांची त्याच डिस्कवर नव्या नावाने प्रत करा, प्रत मूळ फाइलीशी ताडून पाहा, मूळ उडवा, प्रतीला जुनं नाव द्या. नवी प्रत आता सलग जागेत बसते. हे काम एडिटर घरी गेल्यावर करा, कारण उघड्या प्रोजेक्टच्या पायाखालून फाइल बदलणं बरं नाही. एक्स्ट४वर ई-४-डीफ्रॅग हेच काम आपोआप करतो. आधी -सी लावून चालवला तर नुसता गुणांक सांगतो. ३० पर्यंत ठीक, ५५च्या वर गेला तर डीफ्रॅगची गरज आहे. पण त्यालाही सलग मोकळी जागा लागते. ९५ टक्क्यांवर तो चालवून "काही फरक पडला नाही" म्हणणाऱ्यांना मी हेच सांगतो की आधी जागा, मग डीफ्रॅग.

एक्सएफएस किंवा बीटीआरएफएस या फाइल सिस्टिम वापरत असाल तर एक खबरदारी. तिथे सीपी कमांडच्या नव्या आवृत्त्या शक्य असेल तेव्हा खरी प्रत करतच नाहीत, जुन्याच ब्लॉकना दुसरं नाव देतात. प्रत क्षणात होते आणि तुकडे तसेच राहतात. रीफ्लिंक=नेव्हर हा पर्याय लावला तरच फाइल पुन्हा लिहिली जाते.

मग आकडा किती?

रोज लिहिली-पुसली जाणारी हार्ड डिस्क, एक्स्ट४ किंवा एक्सएफएस: ८० टक्क्यांना सूचना यावी, ८५ला कुणीतरी उठून जागा करावी, ९० ओलांडू देऊ नये. एकदाच भरून फक्त वाचायची डिस्क ९५-९७ पर्यंत भरली तरी बिघडत नाही, कारण तिच्यावर फाइली ओळीने उतरतात आणि मधे भोकं पडतच नाहीत. दुकानातल्या सीसीटीव्हीचा डीव्हीआर कायम भरलेलाच असतो आणि तरी चालतो, तो याच कारणाने. अनेक डीव्हीआर आधीच ठरावीक आकाराच्या फाइली आखून त्यांवरच फिरून लिहितात. मोठ्या यंत्रणांचे आकडेही याच पट्ट्यात आहेत. इलॅस्टिकसर्च (शोधासाठीचा डेटाबेस) ८५ टक्क्यांना नोडवर (एका सर्व्हरवर) नवे शार्ड (डेटाचे भाग) पाठवणं थांबवतो, ९० ला असलेले हलवायला लागतो, ९५ ला लिहिणं बंद करतो. सेफ (अनेक सर्व्हरवर मिळून साठवण करणारी यंत्रणा) ८५ ला इशारा देतो आणि ९५ ला दार लावतो.

झेडएफएस या फाइल सिस्टिमवर मी ८० हीच मर्यादा मानतो. तिथे फाइलीतला छोटा बदलसुद्धा जुन्या जागी न लिहिता नव्या जागी लिहिला जातो, त्यामुळे मोकळ्या जागेची भूक सततची. झेडपूल लिस्ट या कमांडमधला फ्रॅगचा आकडा मोकळ्या जागेच्या तुकड्यांचा असतो, फाइलींच्या नव्हे, हेही लक्षात ठेवा. स्नॅपशॉट (फाइलींची एका क्षणाची जपून ठेवलेली अवस्था) असतील तर फाइल उडवून जागा सुटत नाही. आधी स्नॅपशॉट काढावे लागतात. बीटीआरएफएसवर डीएफवर विसंबू नका, त्याचीच यूसेज कमांड वापरा आणि अनअलोकेटेड (अजून वाटून न दिलेली जागा) किती आहे ते बघा. ते शून्य झालं की डेटाला जागा दिसत असूनही मेटाडेटासाठी (फाइलींच्या नोंदींसाठी) नसते, आणि लिहिणं अडतं. थोडेफार भरलेले चंक (जागेचे मोठे गठ्ठे) बॅलन्स कमांडने एकत्र केले की सुटतं.

एसएसडीवर हेड नाही, त्यामुळे वरचं साडेबारा मिलिसेकंदांचं गणित लागू पडत नाही, आणि डीफ्रॅग तर करूच नका, नुसती झीज होते. तिथे कारण वेगळं आहे. फ्लॅशमध्ये लिहिण्याआधी मोठा ब्लॉक पुसावा लागतो, आणि पुसण्याआधी त्यातली जिवंत पानं दुसरीकडे हलवावी लागतात. ड्राइव्ह जितका भरलेला, तितकी ही हलवाहलव जास्त. शिवाय स्वस्त टीएलसी-क्यूएलसी (एका पेशीत तीन-चार बिट ठेवणारे) ड्राइव्ह मोकळ्या जागेचाच वेगवान कॅश म्हणून वापर करतात. जागा संपत आली की तो कॅश आक्रसतो आणि मोठी कॉपी मधेच कोसळल्यासारखी मंद होते. एडिटिंग पीसीच्या एसएसडीत १५-२० टक्के मोकळे ठेवा. आणि उडवलेल्या फाइलींची खबर ट्रिमशिवाय (कुठली जागा मोकळी झाली ते कळवणाऱ्या सूचनेशिवाय) ड्राइव्हला लागत नाही, म्हणून लिनक्सवर एफएसट्रिमचा साप्ताहिक टायमर चालू आहे का ते बघा. यूएसबीच्या काही डब्यांतून ट्रिम पुढे जातच नाही. विंडोज एक्सप्लोररमधली पट्टी १० टक्क्यांच्या खाली लाल होते. कामाच्या ड्राइव्हसाठी तो इशारा उशिराचाच.

गेरच्या आधीचा हिशोब

टक्क्यांची मर्यादा ठरवली तरी एका दिवसात येणारा लोंढा मोजावाच लागतो. १०० मेगाबिटचं फुटेज तासाला ४५ जीबी होतं. गेरसाठी राजवाड्याच्या आसपास चार कॅमेरे पाच तास चालले, तर ९०० जीबी, म्हणजे ४ टीबीच्या साडेबावीस टक्के. संध्याकाळी ८५ च्या आत राहायचं असेल तर सकाळी डिस्क ६२ टक्क्यांच्या वर असून चालणार नाही. हुकुमचंद, मालवा, राजकुमार या गिरण्या बंद पडल्या, पण त्यांच्या झांक्या अजून निघतात आणि रात्रभर चालतात. तीन कॅमेरे आठ तास धरले तरी हजार जीबीच्या वर जातं. यात प्रॉक्सी आणि रेंडर धरलेले नाहीत. म्हणून साफसफाई सणाच्या आधीच्या आठवड्यात करायची. नंतर केली तर तुकडे पडून गेलेले असतात. रोज सकाळी डीएफचा आकडा तारखेसकट एका फाइलीत लिहिणारी एका ओळीची क्रॉन (ठरल्या वेळी कमांड चालवणारी सोय) नोंद ठेवली, तर वाढ कशी होतेय ते आपोआप दिसतं. हिशोब दोन वर्षं सतत जुळत नसेल तर दुसरी डिस्क घ्या आणि चालू काम व साठवण वेगळी करा. त्याच डिस्कवर कसरत करत राहण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

डिस्क अगदी शंभरावर जाऊन अडकली असेल, तर घाईने हाताला लागेल ते उडवू नका. आधी कार्ड कॉपी आणि रेंडर थांबवा. सर्व्हरवर डेटाबेस असेल तर तो नीट बंद करा. झेडएफएस किंवा बीटीआरएफएसवर उडवण्यासाठीही थोडी जागा लागते, त्यामुळे आरएम (फाइल उडवायची कमांड) कधी कधी नाकारला जातो; स्नॅपशॉट नसलेली एखादी मोठी, नको असलेली फाइल ट्रंकेटने शून्यावर आणली की वाट मोकळी होते. मग शेवटच्या तासाभरात सेव्ह झालेल्या प्रोजेक्ट फाइलींचे आकार बघा. डिस्क भरलेली असताना झालेला ऑटोसेव्ह शून्य बाइटची किंवा अर्धवट फाइल मागे ठेवू शकतो, आणि एडिटरने ती उघडून पुन्हा सेव्ह केली की आधीची चांगली आवृत्तीही पुसली जाण्याचा धोका असतो. अशी फाइल दिसली तर तिला हात न लावता ऑटोसेव्हच्या फोल्डरमधली त्याआधीची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढा, ती उघडते का ते तपासा, आणि कार्ड मात्र तोपर्यंत फॉरमॅट करू नका.